भिंतीपासून चार बोटं

जुन्या घराच्या गप्पा निघाल्या, की आमच्या पिढीच्या तोंडी आधी सागवानी खांब येतात. मग कडीपाट येतो, झोपाळा येतो, माजघरातला गारवा येतो. वाळवी काही येत नाही. वास्तविक ती त्या घरात आमच्याइतक्याच हक्कानं राहत होती, आणि काही घरांत तर आम्ही शहरात निघून आल्यावरही राहिली. आठवणींतून मात्र आम्ही तिला मोठ्या सफाईनं वगळलं. जुनी घरं शंभर-शंभर वर्षं टिकायची, असं आम्ही मुलांना ऐकवतो, त्यातही थोडी लबाडी असते. टिकली तेवढी घरं आपल्याला दिसतात; जी बसली, त्यांची जोती गवतात गेली आणि त्यांचं कौतुक करायला कुणी उरलं नाही.

तेव्हा घर बांधतानाच वाळवीचा विचार होत असे. तो कुणी कागदावर मांडलेला नव्हता, इतकंच. जोतं उंच घ्यायचं, खांब जमिनीत न रोवता दगडी तळखड्यावर उभा करायचा, तुळईचं जे टोक भिंतीत जाणार त्याला डांबर फासायचं. वाळवी जमिनीतून येते, ओल धरून येते आणि उजेड टाळत येते. मध्ये दगड घातला की तिला त्यावरून मातीची नळी बांधत चढावं लागतं, आणि ती नळी माणसाच्या नजरेला पडते. तळखड्यामुळे वाळवी थांबत नसे, पण पकडली जात असे. बांबू तोडायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यात, आणि मग ओढ्याच्या पाण्यात मुरत टाकायचा. चंद्राचा त्यात किती हात होता ते सोडून देऊ; पण पाण्यात मुरल्यानं बांबूतला पिठूळ अंश निघून जातो आणि भुंगेऱ्याचं खाणं कमी होतं, हे खरं.

हे शहाणपण सगळ्यांना परवडत होतं असं मात्र नाही. पक्का साग इनामदाराला आणि सावकाराला. त्या सागाच्याही गाभ्यातच वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात. बाहेरचा पांढरट भाग ती आवडीनं खाते. बाकीच्यांच्या नशिबी आंब्याच्या फळ्या, जंगली लाकडाचे वासे आणि कुडाच्या भिंती. मातीच्या भिंतीत वाळवी एकदा शिरली, की बाहेरून काही कळत नसे. कळायचं ते दाराची चौकट दाबल्यावर बोट आत गेलं म्हणजे, नाही तर आढं एका अंगाला कललं म्हणजे. गावचा सुतार वाकसाच्या दांड्यानं खांबावर ठोकत वरपर्यंत जाई आणि आवाज भरीव येतो की पोकळ, ते ऐके. पोकळ आला की घरातली माणसं खर्चाच्या विचारानं गप्प होत.

आता खांब सिमेंटचा, तुळई सिमेंटची, छत सिमेंटचं. वाळवीचा विषय इथंच मिटायला हवा होता. ती सिमेंट खात नाही. पण मिलिमीटरभर भेग मिळाली तरी तिला ती पुरते. विजेच्या वायरी ज्या नळीतून भिंतीत फिरतात, त्याच नळीतून तीही फिरते. पाण्याच्या डक्टमधून ती वरच्या मजल्यांवर जाते, आणि बाथरूमच्या भिंतीला पलीकडून चिकटवलेलं कपाट हे तर तिचं आवडतं ठिकाण. ओल भिंतीतून मिळते, लाकूड कपाटातून मिळतं आणि उजेड कुठूनच येत नाही.

त्यात आपण लाकूडही तिच्या सोयीचं आणलं. जुनी तुळई खायला तिला वर्षं लागायची. एमडीएफचा नाही तर पार्टिकल बोर्डाचा कप्पा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा गळून येतो. दुकानदार सांगतो की प्लाय पाण्याला टिकतो, आणि वाळवीलाही टिकेल असं आपणच मनाशी धरतो. या दोन हम्या वेगळ्या असतात आणि दुसरी वेगळी मागून घ्यावी लागते. वरून चकचकीत लॅमिनेट असल्यामुळे आत सगळं संपलं तरी दर्शनी बाजू तशीच राहते. जुना खांब निदान वाकून सांगायचा. नवं कपाट शेवटपर्यंत ताठ उभं असतं.

तेव्हा घर रोज हाताखालून जात असे. सारवण घालताना घरातल्या बाईचा तळहात जमिनीवरून फिरायचा, भिंतीच्या कडेनं वीतभर वर जायचा, कोपऱ्यात शिरायचा. रात्रीत उठलेली मातीची रेघ सकाळी त्या हाताला लागे. पेन्सिलीच्या जाडीची, दमट, भिंतीच्या रंगाहून गडद. आजी ती रेघ लगेच पुसत नसे. केरसुणीच्या बुडख्यानं मधलीच बोटभर फोडायची आणि वाकून बघायची. आत पांढुरक्या किड्यांची धावपळ दिसे. त्यांतले पिवळट डोक्याचे काही शिपाई भगदाडाच्या तोंडाशी येऊन उभे राहत. मग आजी उठून कामाला लागे. फोडलेली जागा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा लिंपलेली दिसली, की वाट चालू आहे असा निकाल. तशीच उघडी राहिली, तर वाळवी तिथून निघून गेली. आज जाणकारही वाळवी जिवंत आहे की नाही हे बघायला हीच युक्ती सांगतात.

निकाल अचूक होता. उपाय मात्र यथातथाच. चिंधी घासलेटमध्ये बुडवून रेघेवर फिरवायची, भोकात थोडं ओतायचं, वरून चुना. समोरची शे-दोनशे वाळवी मरे, आणि राणी जमिनीखाली सुरक्षित बसून अंडी घालत राही. पुढच्या महिन्यात रेघ हातभर पलीकडून वर येई. घासलेटचा वास घरभर, चुलीतला निखारा चार पावलांवर, आणि हे सगळं ‘घरगुती आणि निर्धोक’ म्हणून आम्ही आज नातवंडांना सांगतो.

आता पेस्ट कंट्रोलवाला येतो. ड्रिल मशीन लावतो, भिंत आणि फरशी जिथं मिळतात तिथं फूट-फूट अंतरावर भोकं पाडतो, त्यांत औषध सोडतो आणि पांढऱ्या सिमेंटनं बुजवून जातो. खरं सांगायचं तर हा माणूस आजीच्या घासलेटपेक्षा कितीतरी सरस आहे. फिप्रोनिलसारखं औषध वाळवीला कळत नाही. ती त्यातून ये-जा करते, अंगावर घेऊन जाते आणि एकमेकींना भरवताना, चाटताना पुढे देते. भिंतीतल्या वाळवीच्या हातूनच विष वारुळापर्यंत पोचतं. आजीला हे समजलं असतं, तर तिनं त्या दिवशी पुरण घातलं असतं.

पण तो येतो ठरल्या दिवशी, आणि मधल्या काळात कुणीच बघत नाही. आजी फुकट आणि रोज बघत होती. तो पैसे घेऊन वर्षातून एक-दोनदा बघतो. शिवाय बघणार तरी काय? कपाट भिंतीपासून भिंतीपर्यंत, जमिनीपासून छतापर्यंत. पलंगाच्या मागची भिंतसुद्धा लाकडी पॅनेलनं मढवलेली. तेव्हा घरात एक साधा दंडक होता: ट्रंक विटांवर ठेवायची आणि फडताळ भिंतीपासून चार बोटं पुढे. मागून केरसुणी फिरली पाहिजे, एवढंच कारण सांगितलं जाई. त्या चार बोटांतून वारा जायचा, ओल सुकायची आणि नजरही जायची. आज घरांच्या किमती चौरस फुटावर गेल्या आणि ती चार बोटं आम्ही इंटीरियरवाल्याला देऊन टाकली. बाई फरशी पुसते ती लांब दांड्याच्या मॉपनं, उभ्यानं. तिच्या कमरेला आराम मिळाला, हे फार बरं झालं. पण जमिनीपासून वीतभर उंचीवरचं घर आता कुणाच्याच हाताला लागत नाही.

पहिला मोठा पाऊस पडून गेलेली संध्याकाळ आठवा. हवा कोंदट, जमिनीला वाफ, आणि एकाएकी अंगणातल्या भोकांतून पंखवाले किडे वर यायला लागायचे. कंदिलाभोवती इतकी गर्दी, की काच दिसेनाशी व्हायची. सगळे दिवे विझवायचे, एकच कंदील ओसरीवर ठेवायचा आणि खाली पाण्यानं भरलेली परात. किडे परातीत पडत, पाली भिंतीवरून उतरत, अंगणात बेडूक बसून असत. आमची जेवणं अंधारात व्हायची आणि ताटात काय पडलं ते चावल्यावर कळायचं. त्यातही आम्हाला मौज होती. सकाळी ओसरीवर नुसत्या पंखांचा ढीग. केर काढताना ते उडायचे, म्हणून आधी पाणी शिंपडून मग झाडायचे.

आता तो सोहळा सरकत्या खिडकीच्या जाळीबाहेर होतो. चुकून चार किडे आत आले, तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो: ही कसली माशी? कुणी म्हणतं मुंग्या, कुणी म्हणतं डास, कुणी हात जोडल्याचं चित्र टाकतं. सांगून ठेवतो. पंखवाल्या मुंगीची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. वाळवीला कंबर नसते आणि तिचे चारही पंख सारख्याच लांबीचे. बाहेरून दिव्यावर आलेल्या चार किड्यांना घाबरायचं कारण नाही. पण खिडक्या बंद असताना घरातच, चौकटीच्या कडेला किंवा फर्निचरखाली, गळलेल्या पंखांचा ढीग मिळाला, तर वारूळ जवळपास आहे असं समजावं. या किड्यांच्या जोड्या जमतात, पंख गाळतात आणि नवं घर मांडायला ओली माती शोधतात. बहुतेक सगळ्या त्याआधीच कुणाच्या तरी पोटात जातात. एखादी जोडी उरते, तेवढी पुरते.

तेव्हा आम्ही कागदही उन्हात घालत असू. पावसाळा सरला, आश्विनातलं ऊन तापलं, की ट्रंका अंगणात यायच्या. पोथ्या, जमिनीचे कागद, पत्रिका, लग्नातले शालू चटईवर पसरायचे. कडुनिंबाचा वाळलेला पाला झटकून नवा घालायचा, डांबराच्या गोळ्या फडक्यात बांधून कोपऱ्यांत ठेवायच्या. त्या दिवशी आजोबा कागद उलटता उलटता वाचत बसत. जुनी भांडणं आणि मेलेली माणसं दुपारभर जिवंत होत. घराण्याचा इतिहास आम्हाला शाळेत कुणी शिकवला नाही, त्या चटईवर कळला.

आणि कित्येक घरांचा कळलाच नाही, कारण माळ्यावरचं गाठोडं सोडलं तेव्हा आत मातीच होती. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं मिळवत, १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, त्या सगळ्या धडपडीत उंदीर, पाऊस आणि वाळवी यांच्याशी शर्यत होतीच. मराठ्यांच्या इतिहासाची किती पानं वाळवीनं आधी वाचली, याचा हिशेब कुणापाशीच नाही. आमचे पूर्वज कागद जपत असत, हे अर्धंच खरं. ते जपून ठेवत आणि मग माळ्यावर विसरत.

आता कागद मोबाइलमध्ये आहेत, आणि जे खरेच कागद आहेत ते लॉकरमध्ये. तिथं तरी निर्धास्त असावं? २०११ साली उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यात एका बँकेत पेटीत ठेवलेल्या सुमारे एक कोटी रुपयांच्या नोटा वाळवीनं खाल्ल्या. २०२३ साली त्याच राज्यात मुरादाबादला एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी लॉकरमध्ये ठेवलेल्या अठरा लाखांचं तेच झालं. नोट काय, पोथी काय, पुठ्ठा काय, तिला सगळं सेल्युलोज. घरपोच येणाऱ्या वस्तूंचे पुठ्ठ्याचे खोके आपण ‘लागतील कधीतरी’ म्हणून जमिनीवर रचून ठेवतो. आजी विटांवर ट्रंक ठेवायची. आपण फरशीवर मेजवानी मांडतो.

विषाच्या बाबतीत मात्र जुन्या काळाचं नाव काढू नये. घरोघरी गॅमेक्सिनची पांढरी पावडर असे. वाळवी असो, ढेकूण असो, मुंग्या असोत, चिमूटभर टाकायची. डबा फडताळात वरच्या फळीवर, आणि खालच्या फळीवर साखर. पावडर टाकलेले हात पदराला पुसून आई कणीक मळायला बसे. पुढे कळलं की ही कीटकनाशकं मातीत वर्षानुवर्षं राहतात आणि माणसाच्या चरबीत साठतात. त्या पावडरीतल्या बीएचसीवर आपल्याकडे १९९७ साली बंदी आली. तिचाच शुद्ध केलेला भाऊ लिंडेन २०१३ पर्यंत वापरात होता. वाळवीसाठी जमिनीत ओतलं जाणारं अल्ड्रिन आणि क्लोरडेनही गेलं. ‘तेव्हा सगळं शुद्ध होतं’ असं म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या माणसाला हा डबा आठवून द्यावा.

आता औषधाच्या बाटलीवर नाव असतं, प्रमाण असतं, इशारा असतो, वाचणारा नसतो. कोणतं औषध, किती पाण्यात, कुठं आणि किती दिवसांच्या हमीवर, हे विचारलं तर पेस्ट कंट्रोलवाला सांगतो. आम्ही विचारतो ते फक्त ‘वास येणार नाही ना?’ आणि ‘किती कमी कराल?’

वारुळाचीही तेव्हाची आणि आताची तऱ्हा वेगळी. नागपंचमीला बायका वारुळाला दूध-लाह्या वाहून येत. पूजा नागाची, बांधकाम वाळवीचं. ती घरात आली की केरसुणी, आणि शेताच्या बांधावर असली की हळद-कुंकू, यात कुणाला विसंगती वाटत नसे. पावसाळ्यात त्याच वारुळांवर अळंबी उगवायची. गोव्यात अळमी म्हणून तिच्यावर आजही उड्या पडतात. ती बुरशी वाळवीच वारुळात पोसते, तिच्याच मदतीनं पचायला कठीण लाकूडकाटूक मऊ करून घेते. रानातला पालापाचोळा खाऊन माती करण्याचं काम तिचं. ती नसती तर रानं स्वतःच्याच काटक्यांखाली दबली असती. आम्हाला हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण अळंबीची चव ठाऊक होती.

आता वारूळ दिसतं ते प्लॉट विकत घेताना, आणि जेसीबीच्या एका फटक्यात सपाट होतं. वरचा मातीचा ढीग गेला, खालची वसाहत तशीच राहिली. पाया भरतानाच मातीला औषध देण्याची पद्धत भारतीय मानक ६३१३ मध्ये सांगितलेली आहे. ते नीट दिलं की नाही, हे बिल्डरला विचारणारा ग्राहक विरळा. जिमखाना आणि पार्किंगबद्दल मात्र सगळे विचारतात. मग दोन-तीन वर्षांत तळमजल्यावर चौकटी पोकळ झाल्या, की सोसायटीच्या सभेत प्रश्न येतो: नव्या इमारतीत वाळवी आली कुठून? ती आली नाही. ती होतीच, आपण आलो.

आता आमच्या गहिवराबद्दलही थोडं. सारवण, ट्रंका उन्हात घालणं, रेघ फोडून बघणं, या सगळ्या गोष्टी गेल्या म्हणून हळहळणारे आम्ही बहुतेक पुरुष आहोत. ते करणारे हात आमचे नव्हते. आजीची पाठ साठीतच वाकली होती, आणि त्या वाकलेपणामुळेच तिला जमिनीजवळचं सगळं दिसत होतं. तो काळ परत यावा असं तिला कुणी विचारलं असतं, तर तिनं मॉप मागितला असता. तरीही काहीतरी गेलं आहे, ही रुखरुख खोटी नाही. घराची ओळख गेली. कुठली भिंत पावसाळ्यात घाम धरते, कुठलं दार आषाढात अडतं, कुठल्या कोपऱ्यात रात्री बारीक टकटक ऐकू येते, हे घरातल्या कुणाला तरी माहीत असायचं. आता ते पेस्ट कंट्रोलच्या कंत्राटात लिहिलेलं असतं, आणि कंत्राट फायलीत असतं.

तेव्हा कंत्राट चालू ठेवा, पण एवढं करा. मे संपण्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या आवराआवरीत एकदा, हातात टॉर्च घेऊन घरातून जमिनीलगत फिरा. चौकटी आणि कपाटांच्या पाठी बोटाच्या पेरानं ठोका. पोकळ आवाज आला की थांबा. रंग फुगलाय का, स्विचबोर्डाच्या कडेला माती आलीय का, सिंकखालचा आणि बाथरूमलगतचा कप्पा दमट आहे का, ते बघा. गळती आधी दुरुस्त करा, खोके जमिनीवरून उचला. रेघ दिसली तर घाईनं पुसू नका आणि त्यावर डबीतला फवाराही मारू नका. वाळवी वाट बदलते आणि येणाऱ्या माणसाला माग सापडत नाही. तेवढीच बोटभर फोडा, दोन दिवसांनी पुन्हा बघा आणि मग माणूस बोलवा. नवं फर्निचर करणार असाल, तर ओल्या भिंतीपासून चार बोटं सोडायला सांगा. इंटीरियरवाला कुरकुर करेल, करू दे. आणि एक विनंती: हे वाकून बघायचं काम घरातल्या पुरुषांनी करावं. बायकांनी आपला वाटा आधीच भरला आहे.